चूक चालकाची

चौदावं प्रकरण निकाली काढायला तेजस्विनी पोवारला सहा मिनिटं लागली. तेराव्याला नऊ लागली होती. कामाला हात बसला की वेग येतोच, आणि तिचा हात आता चांगलाच बसला होता.

शनिवार, सकाळचे अकरा. सह्यकडा मोटर्सच्या अपघात तपासणी कक्षात ती आणि इरफान मुल्ला अशी दोनच माणसं. पडद्यावर एका मालवाहू विजेच्या सायकलीची शेवटच्या तीस सेकंदांची नोंद होती. चालकाचं नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक. तपासणाऱ्याने कुणाची भीड धरू नये म्हणून ही माहिती मुद्दाम झाकलेली असे. वेळ सकाळी सात बावीस. वेग सव्वीस. हँडल उजवीकडे, मग डावीकडे, मग अधिक उजवीकडे, त्याहून अधिक डावीकडे, आणि सायकल आडवी. रस्त्याच्या कडेने चाललेली एक बाई खाली सापडलेली.

"घाबरला बिचारा," तेजस्विनी म्हणाली. "एकदा हात हलला की माणूस सावरायला जातो आणि जास्तच हलवतो."

"सगळे असंच करतात," इरफानने चहाचा घोट घेत मान डोलावली.

पडद्याच्या तळाशी तीन चौकोन होते: यंत्र, रस्ता, चालक. तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि खाली सही केली. तो दाखला त्याच क्षणी पोलिसांकडे गेला. अशी सोय व्हावी म्हणून तिनेच वर्षभर पाठपुरावा केला होता.

ही सायकल पडत नाही, अशी तिची ख्याती होती. सहा वर्षांपूर्वी कोल्हापूर शहरात पेट्रोलच्या दुचाक्या बंद झाल्या आणि दूधवाले, गॅसवाले, भाजीवाले झाडून सगळे विजेच्या सायकलींवर आले. गाडी हलकी, ओझं जड आणि वेग बेताबाहेर. चौकाचौकांत रोज माणसं आपटायला लागली. मग तोलचक्र आलं. सीटखाली भाकरीएवढं एक जड चाक, मिनिटाला बारा हजार वेळा फिरणारं. जोरात फिरणारा भोवरा सहजी कलत नाही. त्याला कलवायला जावं तर तो उलट रेटतो. त्याच रेट्याचा इथे उपयोग केला होता. शेजारची छोटी पेटी सायकल किती झुकली हे सेकंदाला दोनशे वेळा बघायची आणि चाक तिरकं करून सायकल सरळ करायची. सिग्नलला पाय टेकायचंही कारण उरलं नाही. पडण्याचे अपघात नव्वद टक्क्यांनी घटले, आणि यंदाच्या जूनपासून ओझ्याच्या प्रत्येक सायकलीला तोलचक्र सक्तीचं झालं. ओझं लादून त्याची चाचणी घेतली होती तेजस्विनीने. प्रमाणपत्रावर तिची सही होती, आणि त्या सहीचा तिला अभिमान होता. का असू नये? नांगरवाडीच्या गवळ्याची पोर ती. दूध घालून आल्यावर गुडघे फुटलेले आबा तिने लहानपणी कितीदा पाहिले होते. आबा गेल्यावर दुधाचा रतीब थोरल्या भावाने, संताजीने चालवला, आणि गावात तोलचक्राची पहिली सायकल त्यालाच घ्यायला लावली होती तिने, हट्टाने.

फोन वाजला. वहिनी होती, संताजीची बायको अश्विनी.

"तेजू, बसलीयास न्हवं? दादा पडलेत तुझे. जीवाला धोका न्हाई, खांद्याचं हाड मोडलंय. पर सायकलीखाली एक बाई घावली. आपल्या अंगणवाडीच्या मंगलताई. त्यांचं काय खरं दिसंना."

"कधी पडला?"

"सकाळीच की. जुन्या पुलाच्या अलीकडं, उताराला. सव्वासात, साडेसात वाजलं असतील."

तेजस्विनीने पडद्याकडे पाहिलं. सात बावीस.

सरकारी दवाखान्यात संताजी बाकड्यावर बसला होता. हात गळ्यात, शर्टावर दुधाचे वाळलेले ओघळ. समोरच्या बाकड्यावर मंगल कुंभारचा नवरा, जमिनीकडे बघत. मंगल अतिदक्षता विभागात होती, सकाळपासून बेशुद्ध. दोघांच्या मधोमध हवालदार नलवडे खुर्ची टाकून कागद चाळत होते.

"या ताई," ते म्हणाले. "तुमच्या कंपनीचं काम मात्र झ्याक हाय. आमचा पंचनामा व्हायच्या आत दाखला हजर!" आणि त्यांनी तो कागद मोठ्याने वाचला. "चूक, चालकाची. तपासणी अधिकारी, ते. रा. पोवार." मग त्यांच्याच काहीतरी लक्षात आलं. त्यांनी एकदा बहिणीकडे आणि एकदा भावाकडे पाहिलं.

संताजी सावकाश उठला. "तू लिवलंस?"

"दादा, नाव नसतं रे त्याच्यावर. मला माहीत नव्हतं."

"नाव नसू दे. लिवलंस तूच न्हवं? मी हँडल घट्ट धरून हुतो, तेजू. ह्या मुठी बघ, सोलल्यात. खालनं सायकल घुसळाय लागली, डेऱ्यात रवी फिरावी तशी. मी हाललोच न्हाई."

इथे तिने गप्प बसायला हवं होतं. पण ती इंजिनियर होती आणि दहा वर्षांची सवय तोंडाशी होती. "नोंदीत हँडल चार वेळा वळलेलं दिसतंय, दादा. अशा वेळी माणसाला कळत नाही आपण काय करतोय. यंत्र खोटं कशाला सांगेल?"

"म्हंजे मी खोटं सांगतोय."

"तसं नाही..."

"त्या माऊलीची पोरं माझ्याच मापानं दूध पित्यात. तिच्या अंगावर मी गाडी घातली आसं माझी भैन लिवती." त्याने बायकोकडे मान वळवली. "अश्विनी, हिला जायला सांग."

हवालदारांनी तिला जिन्यापर्यंत पोचवलं. "सोमवारी अकराला ठाण्यात बोलावलंय त्यास्नी. तवर बाई शुद्धीवर आली तर ठीक. न्हाईतर कलम बदलतंय, ताई. मग आत टाकायलाच लागंल. दाखल्यावर चूक चालकाची म्हटल्यावर आमच्या हातात काय ऱ्हात न्हाई."

दुपारी ती कक्षात परतली, ती भावावर विश्वास बसला म्हणून नव्हे. कुठेतरी रस्त्यातला खड्डा सापडेल, ओला चिखल सापडेल, भावाचा गुन्हा थोडा हलका करणारं काहीतरी हाती लागेल म्हणून. तिने चौदाव्या नोंदीशेजारी तेरावी उघडली. मग बारावी. मग सगळ्या.

रस्ते वेगवेगळे होते. वेळ मात्र एकच, सकाळी सात ते पावणेआठ. आणि भाराचा रकाना, ज्याच्याकडे तिने आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तो सांगत होता: एकेचाळीस किलो, एकोणचाळीस, त्रेचाळीस, चाळीस. चौदाच्या चौदा.

तिने वहिनीला फोन लावला. "वैनी, दादा सकाळी किती दूध घेऊन निघतो?"

"दोन कॅन, चाळीस-चाळीसचं. का गं?"

"आणि पुलापाशी येईपर्यंत किती उरतं?"

"निम्मं की. निम्मी गिऱ्हाइकं पुलाच्या ह्या अंगाला, निम्मी त्या अंगाला."

"एक कॅन रिकामा आणि एक भरलेला?"

"असं कसं? दोन्ही निम्मं-निम्मं. आबांची शिस्त तू इसरलीस व्हय? एक माप डावीकडचं, एक उजवीकडचं."

कुठली विसरणार? पंचक्रोशीतला प्रत्येक दूधवाला असंच माप घालतो. तोल राहावा म्हणून. तोलचक्र आल्यावर त्याची गरज उरली नव्हती, पण हाताला कोण सांगणार?

तिने कागद ओढला. गळ्यापर्यंत भरलेल्या कॅनमधलं दूध हलायला जागाच नसते. रिकाम्या कॅनमध्ये हलायला काही नसतं. पण निम्म्या कॅनमधलं दूध बाजूंवर आपटत राहतं, आणि त्याला त्याचा स्वतःचा ठेका असतो. या मापाच्या कॅनला तिने तो मांडून पाहिला. सेकंदाला जवळजवळ पावणेदोन हेलकावे. मग तिने तोलचक्राच्या पेटीचा आलेख काढला. झुकलेली सायकल सरळ करायला पेटी जो रेटा देते, त्याचाही ठेका तोच. सायकल जराशी डावीकडे कलली की दूध डावीकडे जाणार. पेटी उजवीकडे रेटणार, पण तिचा रेटा पोचेपर्यंत दूधही उजवीकडे परतलेलं असणार. म्हणजे रेट्यात दुधाची भर. मग पेटी घाबरून आणखी जोराने डावीकडे रेटणार. झोक्यावर बसलेल्याला दर फेरीला नेमक्या वेळी ढकलावं तसं. दोन्ही कॅन निम्मे, म्हणजे दोन्हींचा ठेका एकच, म्हणजे भर दुप्पट. पाच सेकंदांत सायकल आडवी.

आणि हँडल? पेटी हँडल किती वळलं हे मोजतच नव्हती. ती हँडलच्या दांड्याला किती पीळ बसला हे मोजत होती. माणसाने हँडल घट्ट धरलं आणि खालची सायकलच वळवळली, तरी दांड्याला पीळ बसणारच. पेटी स्वतःला स्थिर समजते. म्हणून ती लिहिते की माणूस हलला.

खांद्याचं हाड मोडलेला तिचा भाऊ सकाळपासून नेमकं हेच सांगत होता.

मग तिला आपल्या चाचणीचा दिवस आठवला, आणि कानशिलं तापली. दुधाच्या ओझ्याची चाचणी दूध भरून घ्यायची, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. तिलाही सुचलं होतं. कॅन आले होते, दूध आलं होतं. पण चाचणीत सायकल पडणार, दूध सांडणार; फोरमनचा हात अडखळला. "ताई, सकाळच्या पारी लक्ष्मी मातीत सांडायची?" आणि गवळ्याच्या घरात वाढलेली तेजस्विनी, जिच्या आईने उतू गेलेल्या दुधालाही हात जोडले होते, ती लगेच म्हणाली होती, "नको नको. वाळू भरा." वाळू हलत नाही. चाचणी झकास पार पडली. दूध कामगारांनी प्यायलं.

तिने विभागप्रमुख श्रीनिवास हुद्दारांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. शांतपणाबद्दल ते प्रसिद्धच होते.

"तेजस्विनी, चौदावं प्रकरण तुमच्या भावाचं आहे म्हणे."

"हो सर. पण..."

"तेरा वेळा तुम्हाला चालकाची चूक दिसली. भावाची पाळी आली आणि यंत्राची दिसायला लागली. मी समितीपुढे हे कसं मांडू? सोमवारी दुपारी बैठक आहे, तेव्हा विषय घेऊ. तोवर या प्रकरणाला हात लावू नका."

"सर, जिल्ह्यात अकराशे दूधवाले आहेत. उद्या सकाळी सातला सगळ्यांचे कॅन निम्मे होणार."

"चार महिन्यांत चौदा पडले. उद्याच सगळे पडतील असं नाही."

फोन ठेवल्यावर तिला सगळ्यात जास्त झोंबली ती त्यांच्या बोलण्यातली रास्त गोष्ट. भाऊ नसता तर तिने हा रकाना पाहिला असता का? नसताच पाहिला. आणि आता दिसतंय ते खरं आहे, की दिसावंसं वाटतं म्हणून दिसतंय? कागदावरचं गणित काय, पाहिजे तिकडे वळवता येतं. पेटी खोटं लिहिते हे दाखवायचं तर ते पेटीच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं होतं. तिने आवारातली चाचणीची एक सायकल वहीत सही करून घेतली आणि नांगरवाडीचा रस्ता धरला.

रविवारी पहाटे गोठ्यात धारा काढून झाल्या तेव्हा ती दारात उभी राहिली. संताजी अंगणात होता. त्याने तिच्याकडे पाठ केली.

"वैनी, मला चाळीस लिटर दूध पाहिजे," ती म्हणाली. "दोन कॅनमध्ये निम्मं-निम्मं. सांडणार आहे ते."

अश्विनीने तोंडावर हात ठेवला. "समदं?"

"सगळं. आणि एक दावं पाहिजे, म्हशीचं."

"तिला इचार, दावं कशाला?" संताजी बायकोला म्हणाला.

"त्यांना सांगा, हँडल बांधायला. दोन्ही बाजूंनी सांगाड्याला आवळून टाकायचं. बांधलेलं हँडल वळणार नाही. तरीही पेटीने लिहिलं की चालकाने वळवलं, तर पेटी खोटी."

संताजीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "बांधल्या हँडलानं मरशील की."

"तोलचक्र सरळ नेतं. मळीच्या रस्त्यावर आता कुणी नसतं. आणि पडायचंच आहे मला."

तो आत गेला आणि दावं घेऊन आला. एक हात गळ्यात असल्याने गाठ दातांनी आवळली, एकदा, दोनदा, मग ओढून पाहिली. हँडल तसूभर हललं नाही. मग स्वतःचं हेल्मेट आणून तिच्या डोक्यावर दाबलं आणि पट्टा लावला, तोही एका हाताने.

नदीकडचा मळीचा रस्ता सरळ, दोन्हीकडे ऊस. नुकतं उजाडलं होतं. वहिनी फोनवर चित्रण करत उभी. तेजस्विनीने सायकल सुरू केली. पंधरा. वीस. सायकल रुळावर असल्यासारखी चालली होती. बावीस. मागून कॅनमधला आवाज यायला लागला, डब्ब, डब्ब, आणि तिच्या मनात आलं की काहीच झालं नाही तर? दादाच चुकला असेल तर? चोवीस. पंचवीस.

एका दगडावरून चाक गेलं. एवढासा दगड.

सायकल डावीकडे डुलली आणि परतली. पुन्हा डुलली, जास्त. सीटखालचं चाक गुरगुरलं. तिने मुठी आवळल्या, ब्रेक दाबला. ब्रेकने वेग उतरला पण डुलणं वाढतच गेलं. आता कॅन घणासारखे आदळत होते. सगळी सायकल तिच्या मांड्यांखाली घुसळत होती, डेऱ्यात रवी फिरावी तशी, आणि बांधलेलं हँडल जागच्या जागी थरथरत होतं. तिला ओरडायचं होतं, ओरडायलाही जमलं नाही. मग ऊस तिरका झाला आणि रस्ता वर आला.

शुद्ध होती. कोपर फाटलं होतं, तोंडात माती. शेजारून दूध वाहत चाकोरीत उतरत होतं. संताजी धावत आला आणि एका हाताने तिला उठवून बसवलं. "लागलं काय? तेजू, बोल की! डोकं बघू."

"हँडल बघ," ती म्हणाली.

दावं तसंच होतं. गाठही सरकली नव्हती.

पेटीने नोंद आपणहून कंपनीत पाठवली होती. रविवारच्या पहाटपाळीला कक्षात इरफान होता. त्याला पंधरावं प्रकरण दिसलं असणार, नाव नाही, गाव नाही. हात त्याचाही बसलेला. तेजस्विनीच्या खिशातला फोन किणकिणला, कारण चाचणीच्या सायकलीची चालक म्हणून तिचंच नाव होतं.

'हँडल चार वेळा वळवल्याने अपघात. चूक चालकाची. कृपया वाहन जपून चालवा.'

संताजीने तो निरोप दोनदा वाचला. मग खाली बसला आणि डोळे पुसले. रडताना बहिणीने बघितलं तरी त्याला आता चालणार होतं.

"किती वाजले?" तेजस्विनीने एकदम विचारलं.

पावणेसात. गावातले सव्वीस दूधवाले रस्त्यावर होते.

संताजीने त्यांच्या दूधवाल्यांच्या गटावर आवाज पाठवला. "ऐका रे समद्यांनी! आहात तिथं थांबा. एका कॅनमधलं दूध दुसऱ्यात ओता. एक गच्च भरा, एक मोकळा करा. निम्मं-निम्मं ठेवू नगा. सायकल पडती, आईशप्पत. जिल्हाभर पाठवा ह्ये." एकाच बाजूचं स्थिर ओझं तोलचक्र आरामात पेलतं, हे तेजस्विनीने त्याला सांगितलं होतं. वाळूच्या चाचणीतून निदान एवढं खरं निघालं होतं.

उत्तरं यायला लागली. कुणी अंगठा पाठवला, कुणी शिवी हासडली, कुणी विचारलं सकाळी सकाळी घेतलीस का. पण एकेक करत पंचवीस जण थांबले. निरोप जिल्ह्यात पसरत चालला. एकच उरला, गणपाअण्णा. वय बासष्ट. सायकलवर असताना फोन उचलायचा नाही हा नियम अख्ख्या गावात तो एकटाच पाळत होता.

"सात पाच," संताजी म्हणाला. "अण्णा आता जोशीकाकूंच्या दारात." त्याने फोन लावला. जोशीकाकूंनी सांगितलं, दूध घेतलं, गेला आत्ताच, आणि आज पातळच होतं.

"मग इनामदार वकील." वकील अंघोळीला गेले होते. बाईंनी सांगितलं, भांडं दारात ठेवलं होतं, भरून गेला.

"त्यापुढं कोण?" तेजस्विनीने विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे तो उतार होता, आणि कडेने चाललेली माणसं.

"त्यापुढं नर्सबाई, मग उतार, मग पूल." नर्सबाईंचा फोन वाजत राहिला. वाजून बंद झाला. त्याने पुन्हा लावला. सहाव्यांदा कुणीतरी उचलला.

"ताई, दूधवाला आला हुता का?"

"हा काय, सायकलवर बसतोय."

"धरा त्याला! ताई, पाया पडतो, सायकलीचं मागचं धरा!"

फोन आपटल्याचा आवाज, चपलांचा, मग लांबून गणपाअण्णाचा चिडलेला आवाज: "आवो, सोडा! लाज हाय का न्हाई बाई मानसाला!" संताजी आणि तेजस्विनी मातीत बसल्या बसल्या खदाखदा हसायला लागले. हसताना तिचं कोपर ठणकत होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मंगल शुद्धीवर आली. पाय पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

सोमवारी अकराला तेजस्विनी भावाच्या आधी ठाण्यात पोचली. समितीची बैठक दुपारी होती. तिने वाट पाहिली नाही. चित्रण, पंधरावी नोंद आणि चौदा दाखले मागे घेतल्याचं पत्र तिने नलवड्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"म्हंजे चूक चालकाची न्हाई."

"नाही."

"मग मी लिवू कुणाची? कुणाचं तरी नाव लागतंय, ताई."

"यंत्र पास करणाऱ्याचं लिहा. प्रमाणपत्रावर सही आहे."

"कुणाची?"

"माझी."

दारात संताजी उभा होता. "खुळी हाय ती, साहेब," तो म्हणाला. "आसं काय लिवू नगा." पण नलवड्यांनी लिहिलं, आणि तिने सही केली. दुपारी कंपनीने तिला घरी बसवलं आणि संध्याकाळी जिल्ह्यातली सगळी तोलचक्रं दुरुस्तीसाठी परत मागवली. हुद्दारांनी ते पत्रही शांतपणेच लिहिलं होतं.

जाताना इरफानने तिच्या हातात एक कागद दिला होता. तेरा नावं, तेरा फोन क्रमांक. "नियमात बसत नाही," तो म्हणाला, "पण तू सांगणारच असशील ना?"

घरी अंगणात बसून तिने यादी वाचली. तिसऱ्या नावापुढे 'मयत' लिहिलेलं होतं. शिवाप्पा तेली, वय बावन्न; सोबत रस्त्यावरचा एक शाळकरी मुलगा जखमी.  तिने तोच क्रमांक आधी लावला.

त्यांच्या बायकोने उचलला. तेजस्विनीने आपलं नाव सांगितलं.

"तुमीच कागुद दिल्ता न्हवं?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे अधिकच कठीण झालं. "गावात समदी म्हनत्यात, घाईत हुता, लेकराच्या अंगावर गाडी घातली. दीर बोलत न्हाईत आमच्याशी. माझं पोरगं बापाच्या फोटूला हात लावंना."

"त्यांची चूक नव्हती," तेजस्विनी म्हणाली. "त्यांनी हँडल शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. यंत्र चुकलं, आणि ते यंत्र मी पास केलं होतं. दाखला चुकीचा होता. तोही मीच दिला होता."

  

"जरा थांबा, ताई," बाई म्हणाल्या. "स्पीकर लावते. पोरगं घरात हाय, शेजारनं दिरास्नी बी बोलावते." पावलं वाजली, कुणीतरी भांडं बाजूला केलं, हाका ऐकू आल्या, माणसं जमल्याचा आवाज झाला. मग बाई फोनजवळ आल्या. "आता म्हना. पयल्यापास्नं म्हना."

तेजस्विनीने पहिल्यापासून सांगितलं.